चारी बाजूंनी एकच देश

स्थान

आफ्रिकेच्या नकाशावर अगदी खाली, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, करंगळीने झाकला जाईल एवढा एक देश आहे. लेसोथो. तिथे राजा आहे, पंतप्रधान आहे, थंडीत बर्फ पडतो, माणसं घोड्यावरून डोंगर चढतात. समुद्र नाही. पूर्वेला दक्षिण आफ्रिका, पश्चिमेला दक्षिण आफ्रिका, उत्तरेला आणि दक्षिणेलाही तीच. घराबाहेर पाऊल टाकायचं तर एकाच शेजाऱ्याच्या अंगणातून.

मेलबर्नच्या क्लेटनमध्ये, स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक जुनं विटांचं घर होतं. साल २००८. त्या वर्षी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, इतकी इंडियन पोरं येऊन पडली होती, की क्लेटनमध्ये हॉलसुद्धा भाड्याने जात. त्या घरातल्या हॉलचा एक कोपरा करुणाकडे होता. अकोल्याची करुणा, अकाउंटिंगच्या मास्टर्सला. कोपऱ्याच्या पूर्वेला पायलची खोली, पश्चिमेला प्रितम आणि नंदूची, उत्तरेला किचन, दक्षिणेला टीव्ही. सीमेवर एक तार, तारेवर सोलापुरी चादर. चादरीच्या आत दोन गाद्या. एक करुणाची, दुसरी पुलेंगची.

पुलेंग लेसोथोची. नर्सिंगला होती.

आली त्या दिवशी करुणाने तिला वरणभात वाढला आणि विचारलं, "तुझा देश नक्की कुठे?" पुलेंगने भातात बोटाने खड्डा केला. खड्ड्यात लोणच्याची फोड ठेवली.

"हा भात साऊथ आफ्रिका. ही फोड मी."

"मग बाहेर जायचं असलं तर?"

"भात खावा लागतो," पुलेंग म्हणाली, आणि तिने तो खाल्ला.

भाषा

सेसोथो. तिच्यात कोणाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. बरोबरीच्या मुलीला आउसी, मुलाला अबुती. म्हणजे ताई आणि दादा. पुलेंग अख्ख्या घराला तसंच बोलवायची. आउसी करुणा, भाताला पाणी कमी पडलंय. अबुती नंदू, तुझे मोजे सीमेच्या आत आलेत.

नागपूरचा प्रितम रात्री पेट्रोल पंपावर काम करायचा आणि दिवसा झोपायचा. पहिल्यांदा 'अबुती प्रितम' ऐकलं आणि तो अंथरुणातून उठून बसला.

"आठ महिने झाले बे या देशात. मेट म्हणतात, बडी म्हणतात, परवा एक जण चीफ म्हणाला. दादा कोणी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "आता हिच्यासाठी काहीपण."

हे 'काहीपण' त्याला सप्टेंबरमध्ये निस्तरावं लागलं.

निर्यात

पाणी. डोंगरात अडवायचं आणि बोगद्यातून शेजाऱ्याला विकायचं. (मेलबर्नला तेव्हा सालोसाल दुष्काळ. शॉवरखाली बादली ठेवायची, साठलेलं पाणी झाडांना घालायचं. पुलेंग त्या बादलीकडे बघून म्हणायची, "आमच्याकडून मागवा. ओळखीत देऊ.")

जीन्स. पुलेंगची आई राजधानीत, मासेरूला, कारखान्यात जीन्सचे मागचे खिसे शिवायची. फक्त मागचे. पुढचे दुसरी बाई शिवायची आणि दोघींचं फारसं पटायचं नाही.

पुलेंग.

प्रचलित गैरसमज

"साऊथ आफ्रिका, राइट?"

बँकेत. बसमध्ये. डेंटिस्टकडे, तोंडात आरसा असताना. डँडेनॉन्गच्या ज्या गोदामात ती पॅकिंगच्या शिफ्टला जायची तिथल्या सुपरवायझरने तर पहिल्या दिवसापासून तिला मंडेलांबद्दलच सांगितलं. पुलेंग आधी समजावून सांगायची. मग नुसती हसायची. मग एक दिवस करुणाने पाहिलं, की बसमध्ये कोणीतरी विचारलं आणि पुलेंग "येस" म्हणाली.

"हो काय म्हणालीस?" बसमधून उतरल्यावर करुणा तिच्या अंगावरच आली.

"पुढच्या स्टॉपला उतरायचं होतं, आउसी. एका स्टॉपमध्ये माझा देश मावत नाही."

राज्यकारभार

युनीत दरवर्षी सप्टेंबरमध्ये लॉनवर देशोदेशींचा मेळा भरायचा. प्रत्येक देशाला एक टेबल, टेबलावर नावाची पाटी, दुपारी स्टेजवर संचलन. कारभार ब्रॉन्विन नावाच्या बाईंकडे. बाई मनाने चांगल्या, आवाजाने त्याहून चांगल्या. पुलेंग टेबल मागायला गेली तेव्हा करुणा सोबत होती.

"लव्ह, आफ्रिकेचं टेबल आहे ना," ब्रॉन्विन म्हणाल्या. "ज्यांची माणसं कमी आहेत ते सगळे तिथे असतात. मजा येते. वेगळं कशाला हवं?"

पुलेंग निघायला वळली. पण करुणाच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. एप्रिलमध्ये, चौदा तारखेच्या आधी, इंडियन क्लबचा प्रेसिडेंट यतीन म्हणाला होता, "अगं करुणा, आपण सगळे इंडियनच ना? जयंतीला वेगळं टेबल कशाला? आमच्यातच ठेव ना बाबासाहेबांचा फोटो." तिने ठेवला होता. दुपारी जाऊन पाहिलं तर फोटो टेबलाखाली होता. कोणी मुद्दाम ठेवला नव्हता. जागा लागली, म्हणून ठेवला होता. चिडायलासुद्धा कोणी सापडलं नव्हतं.

"नियम काय आहे?" करुणाने विचारलं. ट्युटोरियलमध्ये जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती हीच.

नियम असा निघाला. टेबलाला पाच माणसं हवीत. त्यातला एक तरी त्या देशाचा नागरिक, बाकीचे मित्र चालतील. पोशाख त्या देशाचा. आणि स्टेजवरून नाव पुकारलं की पाचही जण हजर. नसले, तर पाटी निघणार आणि माणसं आफ्रिकेच्या टेबलावर.

"आहेत पाच," करुणा म्हणाली.

बाहेर आल्यावर पुलेंगने विचारलं, "कुठे आहेत पाच?"

"घरी झोपलेत."

लोकसंख्या

प्रितम, "मी? राजा मीच होणार मग."

नंदू, पुण्याचा, इंजिनियर, सगळं आधी गुगल करणारा, "थांब. राजा ऑलरेडी आहे. पण हे ऐक, त्या देशातली सगळ्यात खालची जागाही महाबळेश्वरपेक्षा उंच आहे! सगळ्यात खालची! म्हणजे तळघर महाबळेश्वर. वर बघायलाच नको."

पायल, "कपडे काय घालायचे ते बोला."

राष्ट्रीय पोशाख

कांबळं. लेसोथोतला माणूस जन्मतो कांबळ्यात, लग्न करतो कांबळ्यात. पुलेंगकडे खरं कांबळं एकच होतं. जाड लोकरीचं, गर्द निळं, त्यावर पिवळी मक्याची कणसं आणि कणसांच्या कडेने काळ्या रेघा. बाकी चार कुठून आणायची? मागवायची तर डॉलर आणि दिवस, दोन्ही कमी.

करुणा बोलता बोलता सीमेकडे बघत होती. सीमा लाल होती. तिच्यावर पांढरी फुलं, टोकांना जाड काठ.

"पायल, तुझ्याकडे सोलापुरी चादर आहे?"

"असणारच. आईने बॅगेत पहिली तीच टाकली."

"नंदू?"

"दोन."

"प्रितमदादा?"

"माझ्या अंगावर आहे ती."

चार चादरी हॉलमध्ये पसरल्या. लाल, निळी, हिरवी, आणि प्रितमची, जिचा मूळ रंग सांगणं अवघड होतं. पुलेंग एकेकीवर हात फिरवत गेली. जाड वीण, आडवेउभे धागे, कोपऱ्यात मोर. मग ती मोठ्याने हसली आणि हसता हसता गादीवर आडवी झाली.

"चालेल?" करुणाने धास्तीने विचारलं.

"चालेल? अगं, धावेल! नेसायची कशी ते मी सकाळी दाखवते. त्याला पद्धत आहे."

पण सकाळी गोदामातून फोन आला. माणसं कमी आहेत, अकरापर्यंत काम करून जा. संचलन एक वाजता. पुलेंग म्हणाली, "अकरा म्हणजे अकरा. ट्रेनने बाराला क्लेटन." आणि गोदामात लांबून दिसावं म्हणून घालायचं नारिंगी हाय-व्हिज जॅकेट अडकवून गेली.

तर पद्धत दाखवायची राहिली.

पद्धत

"पद्धत काय असणार?" पायल म्हणाली. साडेबारा वाजले होते, स्टेजच्या मागे कापडी तंबूत चौघं उभे होते. "पांघरायचं."

करुणा मात्र अकोल्याच्या शाळेच्या गॅदरिंगपासून लोकांना साड्या नेसवत आलेली. वस्त्र हातात आलं की तिची बोटं आपोआप काठ शोधत. तिने प्रितमची चादर उभी धरली, काठ खाली घेतला, पायाच्या घोट्याशी सरळ रेषेत आणला, वरचा जास्तीचा भाग दुमडून खांद्यावर चापूनचोपून बसवला आणि सेफ्टी पिन मारली. एकदम पक्कं काम. मग नंदूची. मग पायलची. मग स्वतःची. खरं निळं कांबळं तिने पुलेंगसाठी हातावर घेतलं.

चौघांचे काठ खाली, एका ओळीत. जसे असायला हवेत.

"करुणा, तू ना, कमाल आहेस!" पायल म्हणाली. "काय फॉल पडलाय!"

"मला चालता येईना," प्रितम म्हणाला.

"नवरीला पण नाही येत. छोटी पावलं टाक."

फोन. पुलेंग. मागे यंत्रांची घरघर.

"आउसी, त्यांनी सोडलंच नाही. आता निघतेय. ट्रेन पकडते. माझं नाव कितवं?"

"एल. इंग्लिश अक्षरांप्रमाणे आहे. पळ!"

इतिहास (चालू)

ए गेलं.

बांगलादेश गेला, टाळ्या, चायनाचा ड्रॅगन गेला, ड्रॅगनच्या मागच्या पायात कोणीतरी अडखळलं, टाळ्या.

फिजी.

"पुलेंग, कुठे आहेस?" "नोबल पार्क. अजून चार स्टेशनं."

इंडिया! आणि इथे एक गोची. प्रितम इंडियाच्या पथकात हलगी वाजवणार होता. क्लबकडे दुसरा वाजवणारा नव्हता. तो चादरीसकट स्टेजवर घुसला, छोटी पावलं टाकत. यतीनने, कुर्ता, फेटा, गळ्यात आयडी कार्ड, त्याला बघितलं आणि माईक हाताने झाकला.

"हे काय घातलंयस?"

"लेसोथो."

"अरे आत्ता इंडिया चाललाय!"

"आत्ता हात इंडियाचे आहेत. बाकीचा मी एल ला आहे."

हलगी कडाडली आणि लॉनवरचं पब्लिक उभं राहिलं. यतीनला तक्रार करायला वेळच उरला नाही.

इंडोनेशिया. जपान. "कुठे?" "वेस्टॉल. पुढचं क्लेटन. मग बस." "बसची वाट नको बघू, टॅक्सी कर!" "टॅक्सी दिसली तर!"

केनिया. केनियाचे चाळीस जण होते, बरं झालं, उतरायला वेळ लागला.

कोरिया. चटपट. नको तितके शिस्तीचे.

लाओस.

लेबनॉन! लेबनॉनवाल्यांनी हातात हात घालून साखळी केली आणि नाचायला लागले. पाय आपटत, खांद्याला खांदा लावून. पायल तंबूच्या तोंडाशी जाऊन ओरडायला लागली, "वन्स मोर! वन्स मोर!" तिला पाहून पुढच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली. लेबनॉनवाले खूश. पुन्हा एक फेरी. पायलचा घसा बसला. फोन वाजला, करुणाने उचलला, नुसता धापांचा आवाज.

"कँपस. गेट. पळतेय."

आणि स्पीकरवर ब्रॉन्विन, "नेक्स्ट अप, किंगडम ऑफ लेसोथो!"

सीमा

चौघं स्टेजवर आले. टाळ्या पडल्या, मग विरल्या. ब्रॉन्विन कडेला उभ्या राहून बोटांनी मोजत होत्या. चार. त्यांनी करुणाकडे पाहून भुवया उंचावल्या. करुणाने एक बोट वर केलं. येतेय. बाईंनी घड्याळाला टिचकी मारली.

प्रत्येक देशाला ओळख करून द्यायला एक मिनिट मिळायचं. ती ओळख पुलेंग देणार होती. स्टँडवर माईक होता आणि माईकसमोर कोणी नव्हतं.

करुणा पुढे झाली. समोर लॉनभर डोकी, त्यातली अर्धी आपल्याकडची. पहिलं वाक्य इतकं बारीक निघालं, की पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या पोराने कानाला हात लावला.

"लाउडर, मेट!"

"लेसोथो!" करुणा ओरडली. स्पीकर किंचाळला. सगळे दचकले, तीही दचकली, आणि त्या दचक्यात भीती कुठेतरी पडून गेली. "लेसोथोला एकच शेजारी आहे! चारी बाजूंनी! तुमच्यापैकी किती जण शेअर हाऊसमध्ये राहतात? हात वर करा!"

लॉनभर हात वर झाले.

"हॉलमध्ये किती जण झोपतात?"

हात थोडे कमी झाले, हशा जास्त झाला.

"मग तुम्हाला कळेल. बाथरूमला जायचं तर दुसऱ्याच्या दारावरून. तरी तुमचा कोपरा तुमचा असतो ना? त्या कोपऱ्याचं नाव कोणी हॉल असं घेतलं तर चालेल तुम्हाला? हा देश तसाच. तिथली सगळ्यात खालची जागा तुमच्या त्या डँडेनॉन्गच्या डोंगरांच्या दुपटीपेक्षा उंच आहे. आणि एक डोंगर आहे, तिथे त्यांच्या पहिल्या राजाने सगळ्यांना आसरा दिला. जो पळून आला त्याला. कुठून आलास विचारलं नाही. लोक म्हणतात तो डोंगर रात्री वाढतो. शत्रू संध्याकाळी पायथ्याशी आला, की सकाळपर्यंत शिखर लांब गेलेलं!"

"नाइस!" कोणीतरी ओरडलं.

मिनिट संपलं होतं. ब्रॉन्विननी हात वर केला. गेटकडून येणाऱ्या वाटेवर कोणी नारिंगी दिसत नव्हतं.

"जीन्स!" करुणा म्हणाली. "ज्यांनी जीन्स घातल्यात त्यांनी शेजाऱ्याची मागची पट्टी बघा! लेसोथोत जीन्स शिवतात. बघा, कोणाची तिथली निघते!"

आता लॉनवर जो गोंधळ झाला तो विचारूच नका. माणसं एकमेकांच्या कमरेशी वाकून लेबलं वाचायला लागली. "चायना!" "बांगलादेश!" "टर्की!" "माझी तर वाचताच येत नाही!" प्रितमने त्यातच हलगीवर हात सोडला, प्रत्येक देशाच्या नावाला एक ठोका. मलेशियाची मंडळी तंबूतून बाहेर येऊन आपापल्या जीन्स तपासू लागली. ब्रॉन्विन स्वतःही कमरेशी हात नेऊन थांबल्या. त्यांना हसू आवरेना.

आणि स्टेजच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या यतीनला नको ते सुचलं. वाईट मनाने नाही. थट्टाच केली त्याने. पण इंग्लिशमध्ये केली, आणि मोठ्याने.

"ब्रॉन्विन! त्यांच्या चादरींची लेबलं वाचा! त्या इंडियन आहेत! सोलापूरच्या बेडशीट आहेत त्या!"

आपल्याकडची अर्धी डोकी फुटून हसली. "अरे हो रे! माझ्याकडे पण आहे हीच!"

ब्रॉन्विनचं हसू ओसरलं. त्या स्टेजवर आल्या, प्रितमच्या खांद्यापाशी वाकल्या. तिथे, सेफ्टी पिनच्या जरा खाली, कारखान्याची चिठ्ठी होती. देवनागरीत. त्यांना वाचता आली नाही, पण ती आफ्रिकेची नाही एवढं कळण्याजोगं होतं.

"करुणा, लव्ह," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोशाख तिकडचा नाही. माणूस तिकडचं नाही. मला पाटी काढावी लागेल."

नंदू स्वतःच्या चादरीवरची चिठ्ठी शोधून आत दुमडायला लागला. पायलने करुणाचा हात धरला. करुणाच्या हातावरचं निळं कांबळं एकाएकी फार जड झालं. तिच्यामुळे झालं सगळं. पुलेंगने टेबल मागितलं होतं, तिने टेबलासकट तमाशा मांडला. आता साऊथ आफ्रिका तर सोडाच, लोक म्हणतील लेसोथो? ते बेडशीटवाले?

"नो!"

लॉनच्या टोकाकडून.

"नो! नो! नो! नो!"

नारिंगी जॅकेट. हातात अजून गोदामातले हातमोजे. पुलेंग गर्दीतून वाट काढत, लोकांवरून उड्या मारत येत होती आणि ओरडत होती. ती स्टेजच्या पायऱ्या एका ढांगेत चढली, आणि ब्रॉन्विनकडे नाही, करुणाकडेही नाही, सरळ प्रितमकडे गेली.

"अबुती! हे काय केलंस? काढ! काढ ते!"

"मी काय केलं?" प्रितमने हलगी छातीशी धरली.

"आडवं! सगळी आडवी घातलीत!" पुलेंगला धाप आवरत नव्हती. तिने त्याच्या काठाकडे बोट दाखवलं. मग नंदूच्या. मग पायलच्या. "रेघा आडव्या! जमिनीला लागून! अगं, आडवी रेघ घातली की माणसाची वाढ खुंटते! घरात काही वाढत नाही, पोरं नाहीत, मका नाही! तुम्ही चौघांनी मिळून माझ्या अख्ख्या देशाची वाढ थांबवलीत!"

माईक चालू होता. हे सगळं लॉनभर ऐकू गेलं.

"पण काठ तर खाली असतो," करुणा म्हणाली. अगदी खऱ्या आश्चर्याने. साडीचा असतो, धोतराचा असतो, परकराचा असतो. काठ अजून कुठे असणार?

"साडीचा! हे साडी आहे?"

पुलेंगने पिन उपसली. प्रितमची चादर झटकली, आडवी फिरवली, लांब बाजू खांद्यावरून घेतली. दोन्ही टोकांचे काठ पुढे आले आणि छातीवरून पायापर्यंत सरळ उभे पडले. पिन उजव्या खांद्यावर. "पुरुषाची इथे." मग नंदू. मग पायलची पिन पुढे, छातीवर. "बाईची इथे." झटक, फिरव, उभी. झटक, फिरव, उभी. प्रितम एक पाऊल चालून बघून ओरडला, "चालता येतंय बे!"

शेवटी करुणा. पुलेंगने तिची चादर सोडवली, उभी केली, आणि पिन लावताना फक्त तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "पळताना तुझा आवाज ऐकत होते. गेटपासून."

मग तिने निळं कांबळं घेतलं, हाय-व्हिज जॅकेटवरूनच पांघरलं, काळ्या रेघा उभ्या केल्या आणि ब्रॉन्विनकडे वळली.

"पोशाखाचं काय म्हणत होतात?"

"ही कांबळी," बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "ती इंडियन आहेत, असं..."

"आहेत ना. आणि हे माझं इंग्लिश लोकांचं होतं आधी." पुलेंगने आपल्याच खांद्यावर थाप मारली. "आमच्याकडे सांगतात, पहिलं कांबळं राजाला एका परदेशी व्यापाऱ्याने दिलं. राजाने अंगावर घेतलं, ते आमचं झालं. नंतर कितीतरी वर्षं इंग्लंडच्या गिरण्या आमच्यासाठी विणत होत्या. विणलं कुठे हे आम्ही कधीच विचारलं नाही. पांघरलं कसं, एवढंच बघतो. मघाशी ही चौघं बेडशीट गुंडाळून उभी होती, तुमचं बरोबर होतं. आता बघा."

ब्रॉन्विननी पाहिलं. लॉनने पाहिलं. पाच जण, पाच रंग, उभ्या रेघांत सरळ ताठ. खरंच सगळे बोटभर उंच दिसत होते. नंदूसुद्धा.

बाईंनी बोट वर केलं आणि सगळ्यांना दिसेल असं मोजलं. एक. दोन. तीन. चार.

"फाइव्ह!" लॉन ओरडलं.

अर्थव्यवस्था

टेबल तीन फूट. पाटी सरळ. एका पातेल्यात मक्याच्या पिठाचं घट्ट पापा, दुसऱ्यात पालेभाजी, जिला करुणाने न राहवून लसणाची फोडणी दिली होती. पुलेंगने चाखून भुवई उडवली आणि पातेलं पुढे सरकवलं. दोन्ही पातेली बघता बघता संपली. लोक चादरी अंगावर फिरवून घ्यायला रांगेत उभे होते. आपल्याकडची पोरं घरी जाऊन स्वतःच्या चादरी घेऊन आली. यतीन आला, फेटा काढलेला.

"सॉरी यार, मी मस्करी करत होतो," तो करुणाला म्हणाला. "पाटी वगैरे निघेल असं वाटलं नव्हतं."

"वाटत नाहीच कधी, यतीन," करुणा म्हणाली. रागाने नाही. "रांगेत मागे उभा राहा. नंबराने सगळ्यांना मिळेल."

तो उभा राहिला.

लोकसंख्या (सुधारित)

मासेरूला तेव्हा पहाटेचे सहा वाजत होते. पुलेंगने आईला फोन लावला. आई कारखान्याकडे निघालेल्या मिनीबसमध्ये होती. पुलेंग सेसोथोत भडाभडा बोलत सुटली. चौघांना त्यातलं 'इंडिया', 'आउसी करुणा' आणि 'नो, नो, नो' एवढंच कळलं. मग पलीकडून नुसती कुजबुज ऐकू यायला लागली.

"काय झालं?" करुणाने घाबरून विचारलं.

"ती बसमधल्या बायकांना सांगतेय. सगळ्या कारखान्यातल्या आहेत. पुढच्या खिशांवालीपण आहे." पुलेंगने फोन कानापासून दूर धरला. "म्हणतेय, टेबलावर आपलं नाव लिहिलंय ते वाचून दाखव."

करुणाने फोन घेतला आणि पाटीवरचं नाव वाचलं. एकेक अक्षर, सावकाश, लांबवर ऐकू जाईल असं.

आणि फोनमधून, त्या छोट्याशा चिरक्या स्पीकरमधून, बायकांचा आवाज फुटला. जीभ टाळूला लावून काढलेला, उंच, थरथरता, एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू. अख्खी मिनीबस. पुलेंगने मान मागे टाकली आणि इकडून तसाच आवाज काढला. पायल बसलेल्या घशाने ओरडली. प्रितमने हलगी उचलली. शेजारचं मलेशिया वळून बघायला लागलं, त्याच्या पलीकडचं नेपाळही.

ब्रॉन्विन धावत आल्या. "हे कोण ओरडतंय? तुम्ही तर पाचच आहात!"

"ते पाच स्टेजपुरते होते, मॅडम," प्रितम हलगी न थांबवता म्हणाला. "आता मोजू नका."